कुत्र्यासाठी कर्ज काढताना या चुका टाळा

जातिवंत पिल्लासाठी कर्ज काढणाऱ्यांचा हिशेब बहुधा पिल्लाच्या किमतीपाशीच थांबतो, आणि पहिली चूक तिथेच होते. कर्ज वर्षभरात फिटते, कुत्रा मात्र दहा-बारा वर्षे जगतो; खाणे, लसी, जंतनाशके आणि आजारपण यांचा खर्च पहिल्या हप्त्याबरोबरच सुरू होतो. सोलापुरात त्यात उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला असताना हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला पत्र्याच्या खोलीत ठेवणे हा छळच आहे, आणि त्याच्यासाठी एसी लावायचा तर विजेचे बिल हा दुसरा हप्ता समजावा. हौसेच्या खरेदीसाठी कर्ज काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भिशी लागेपर्यंत थांबता येते. गल्लीतले देशी पिल्लू तर फुकट मिळते आणि इथल्या उन्हाला सरावलेलेही असते.

उपचारांची गोष्ट वेगळी. पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार झालेल्या पिल्लाला सलाईन लावायचे असते तेव्हा पगाराच्या तारखेची वाट पाहता येत नाही. तरीही पैसे उचलण्यापूर्वी एकूण खर्च किती येईल आणि पिल्लू वाचण्याची शक्यता किती, हे दोन्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. असे विचारणे अनेकांना निर्दयपणाचे वाटते. मला ते जबाबदारीचे वाटते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करायलाही विसरू नये.

कर्ज घ्यावेच लागले, तर नुसत्या ‘बारा टक्के’ या आकड्याला भुलू नये. 30,000 रुपये वर्षभरासाठी 12 टक्के फ्लॅट दराने घेतले, तर महिन्याला 2,800 रुपयांचा हप्ता बसतो. मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज पूर्ण रकमेवरच आकारले जाते, त्यामुळे घटत्या शिलकेच्या हिशेबाने तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. प्रक्रिया शुल्क वेगळेच. बँका आणि वित्त कंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जासोबत एकूण वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे 1 ऑक्टोबर 2024 पासून बंधनकारक आहे. ते सहीपूर्वी मागून वाचावे. पतसंस्थेत व्याजाची पद्धत लेखी घ्यावी. परवाना नसलेल्या सावकाराच्या आणि मोबाइलमधील संपर्कयादी मागणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नये.

आधीच हप्त्यांत अडकलेल्यांनी ते फेडण्यासाठी दुसरे ॲप उघडू नये. हप्ता चुकण्यापूर्वीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी, कारण एकदा तो चुकला की दंडही लागतो आणि क्रेडिट स्कोअरही घसरतो.