सोलर बसवण्याआधी खडू घेऊन गच्चीवर जा

आमच्या छताची पाहणी ऐन उन्हाळ्यात, भर बारा वाजता झाली. सावली नावालाही नव्हती. हिवाळ्यात मात्र पाण्याच्या टाकीची सावली सकाळी दहापर्यंत कडेच्या दोन पॅनेलांवर ठाण मांडून बसायला लागली. म्हणून सांगतो, किती किलोवॅट ते नंतर बघू, आधी सावली आखा.

सूर्य सर्वांत खालून जातो त्या दिवसांत नऊ, बारा आणि तीन वाजता टाकी, कठडा, जिन्याची खोली यांच्या सावलीची कड खडूने ओढा. तोवर थांबायचं नसेल तर हिशेब सोपा आहे. ९० मधून आपला अक्षांश आणि २३.५ वजा करा. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून तेवढे अंश वर असतो. २० अक्षांशावर ४६.५ अंश, म्हणजे दोन मीटर उंच टाकीची सावली दुपारीही जवळजवळ दोन मीटर. सकाळी ती कुठल्या कुठे जाते.

एवढ्याशा सावलीने काय होतंय, असं मलाही वाटायचं. पण पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक झाकला की सगळ्या ओळीचा प्रवाह अडतो. मग बायपास डायोड ती ओळच वगळतो. एका पॅनेलला असे डायोड साधारण तीन, त्यामुळे पंजाएवढ्या सावलीतही तिसरा हिस्सा गेलाच म्हणा.

घरच्यांना आधीच सांगून ठेवायची गोष्ट वेगळी. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा आई म्हणाली, “डोक्यावर एवढं ऊन, आणि पंखा बंद?” ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) ग्रिड गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाइट आल्यावरही तो काही मिनिटं ग्रिड तपासतो, मगच सुरू होतो. तेवढ्यात बटणं दाबत बसू नका. लाइट नसतानाही पंखा हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रिड, म्हणजे ग्रिड नसताना बॅटरीवरही चालणाऱ्या, इन्व्हर्टरचं पहिल्याच दिवशी ठरवा.

आणि उन्हात पॅनेलचे कनेक्टर ओढून काढू नका. डीसीची, म्हणजे पॅनेलमधून एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, ठिणगी सहजी विझत नाही.

बिल आलं की इन्व्हर्टरवर दिसणाऱ्या, पॅनेलांनी बनवलेल्या युनिटांतून मीटरवरचं एक्सपोर्ट, म्हणजे ग्रिडला दिलेली युनिटं, वजा करा: ३६० वजा २१०, म्हणजे १५० युनिट घरात थेट वापरली. त्यात इम्पोर्टची, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली, १४० मिळवली की घराचा खरा वापर २९०. मी दर एक तारखेला हे तिन्ही आकडे कॅलेंडरवर लिहितो. टाकीची सावलीही तिथल्या आकड्यांवरूनच पकडली.