केबल टीव्हीवरील निवडणूक जाहिरातीचे पूर्वप्रमाणपत्र कसे मिळवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात निवडणूक लागली की कार्यकर्ते आधी चित्रफीत तयार करतात, केबलवाल्याला आगाऊ रक्कम देतात आणि परवानगीचा विचार शेवटी करतात. ‘डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात ओळख असली की एका दिवसात काम होते’ असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. उमेदवारांसाठी असे अर्ज मी अनेक निवडणुकांत तयार केले आहेत आणि या सल्ल्यापायी वाया गेलेल्या जाहिराती पाहिल्या आहेत. केबलवाल्याकडून दर लेखी घ्या, पण प्रमाणपत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००४ रोजी दिलेल्या आदेशानुसार टीव्ही आणि केबलवरील प्रत्येक राजकीय जाहिरात दाखवण्यापूर्वी प्रमाणित करून घ्यावी लागते. पुढे रेडिओ, समाजमाध्यमांवरील जाहिराती आणि घाऊक एसएमएसही याच नियमाखाली आले. नोंदणीकृत पक्षाने किंवा उमेदवाराने प्रक्षेपणाच्या किमान ३ दिवस आधी, तर इतर कोणीही किमान ७ दिवस आधी अर्ज करायचा असतो. विधानसभेच्या उमेदवाराचा अर्ज जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व देखरेख समितीकडे, म्हणजे ‘एमसीएमसी’कडे जातो. लोकसभेला मात्र खानापूर आणि कित्तूर हे भाग उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतात, त्यामुळे त्या निवडणुकीत अर्ज घेऊन बेळगावात नव्हे, कारवारला जावे लागते.

अर्जासोबत जाहिरातीच्या २ प्रती, साक्षांकित संहिता, निर्मितीचा खर्च, किती वेळा आणि कोणत्या दराने दाखवणार याचा तपशील आणि पैसे धनादेशाने किंवा डिमांड ड्राफ्टने देणार असल्याचे निवेदन जोडावे. हा भाग अर्ध्या दिवसात होतो.

खरी कसोटी लागते ती संहितेत. संहिता म्हणजे जाहिरातीत ऐकू येणारा आणि पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द. निवेदन, घोषणा, गाण्याची ओळ, खालची पट्टी, काहीही सुटता कामा नये. बरेच जण चित्रीकरणाआधीचा कच्चा मजकूर छापून त्यालाच संहिता म्हणतात. पहिल्या वेळी मीही तेच केले. संकलन करणाऱ्याने शेवटी २ सेकंदांची एक घोषणा वाढवली होती, ती कागदावर नव्हती आणि मी अंतिम चित्रफीत कागद समोर ठेवून पाहिली नव्हती. देखरेख करणाऱ्यांनी फरक पकडला, जाहिरात बंद झाली आणि नव्याने अर्ज करायला पुरेसे दिवसच उरले नाहीत. उमेदवाराचे झालेले ते नुकसान मला आजही बोचते. तेव्हापासून अंतिम चित्रफीत थांबवत थांबवत ऐकून संहिता मी स्वतः उतरवतो, दुसऱ्या माणसाकडून ताडून घेतो आणि त्यानंतर चित्रफितीला कोणालाही हात लावू देत नाही. मराठी संहितेला कन्नड अनुवाद मी नेहमी जोडतो, कारण समितीतील सर्वांना आपली बोली उमगेल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. ‘आमचं लेकरू शाळेला जातंय, पण वर्गात मास्तरच नाही’ या ओळीतील तक्रार अनुवादात तेवढीच स्पष्ट उतरली पाहिजे, नाहीतर विनाकारण शंका निघतात.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे भाषेच्या नावाने केलेले आवाहन. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की, आवाहनाचा आधार उमेदवाराची भाषा आहे की मतदाराची, याने फरक पडत नाही. म्हणून ‘मी मराठी, तुम्ही मराठी, मत मलाच’ ही ओळ संहितेतून काढाच. पण घाबरून मराठीचा उल्लेखच टाळा, असे सांगणारे वकीलही आपल्याकडे आहेत आणि तो सल्ला मला मुळीच मान्य नाही. मतदारांच्या भाषेच्या जतनासाठी काम करण्याचे आश्वासन भ्रष्ट आचारात बसत नाही, हे त्याच न्यायालयाने १९६० च्या दशकातच स्पष्ट केले आहे. ‘मराठी शाळांत शिक्षक नेमण्यासाठी आणि सरकारी कागदपत्रे मराठीतून मिळावीत यासाठी मी विधानसभेत भांडेन’ हे वाक्य निर्धास्तपणे ठेवा. पहिल्या ओळीत मत मागण्याचे कारणच भाषा आहे. दुसऱ्या वाक्यात ते कारण उमेदवार करणार असलेले काम आहे. प्रत्येक ओळ या एकाच प्रश्नावर घासून पाहा. सीमाभागातील माणसाला आपले म्हणणे मांडण्याचा पूर्ण हक्क आहे आणि एका बेफिकीर ओळीने तो हातचा जाऊ नये, एवढ्यासाठी मी या कामात इतका काटेकोर असतो.

चित्रांचेही पाहा. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात असल्यामुळे जवानांचे संचलन पार्श्वभूमीला घालण्याचा मोह प्रत्येक संकलकाला होतो; पण निवडणूक आयोगाने राजकीय जाहिरातींत सैनिकांची छायाचित्रे वापरण्यास मनाई केली आहे.

जाहिरात नाकारली गेल्यास राज्यस्तरीय समितीकडे अपील करता येते. प्रमाणपत्र मिळाले की त्याची प्रत केबलवाल्याला द्या आणि पैसे उमेदवाराच्या निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यातूनच द्या. हा खर्च कर्नाटकात विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपयांच्या मर्यादेत धरला जातो.

शेवटची पायरी जाहिरात थांबवण्याची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास टीव्हीवर निवडणूकविषयक काहीही दाखवता येत नाही. उल्लंघनाला २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १० मे २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत मतदान संध्याकाळी ६ वाजता संपणार होते, म्हणून ही बंदी ८ मेच्या संध्याकाळी ६ पासून लागू झाली. जाहिरात कुठून प्रक्षेपित झाली यापेक्षा मतदान क्षेत्रात दिसली का, हे महत्त्वाचे असते. त्यामुळे कोल्हापूरहून चालणाऱ्या वाहिनीवर वेळ घेतली असेल तर तिलाही थांबण्याची तारीख आणि तास लेखी कळवा, पोच घ्या आणि त्या संध्याकाळी ६ वाजता स्वतः टीव्हीसमोर बसून खात्री करा.