कुंडीतल्या वांग्याला अळी लागते तेव्हा: या चुका टाळा

वांग्याचा एखादा शेंडा दुपारी मान टाकतो आणि आपण लगेच पाण्याचा झारा उचलतो. पहिली चूक तिथेच होते. पाणी कमी पडलं तर सगळं झाड मलूल होतं. एकच शेंडा लोंबतोय आणि शेजारचे ताठ आहेत, तर आत अळी आहे असंच समजा. शेंडा कापून ब्लेडने उभा चिरा. आत काळपट विष्ठेने भरलेली पोकळी आणि तिच्या टोकाला तपकिरी डोक्याची गुलाबीसर अळी सापडेल. ही ल्युसिनोडस ऑर्बोनॅलिस नावाच्या पांढुरक्या पतंगाची अळी, शेतकऱ्यांच्या बोलीत शेंडे आणि फळे पोखरणारी अळी. जादा पाण्याने तिचं काही बिघडत नाही, झाडाची मुळं मात्र कुजतात.

शेंडा कोमेजलेल्या भागाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली कापा. कापलेल्या जागी पोकळ दिसलं तर आणखी खाली. आठवड्यातून दोनदा झाड तपासा.

भोक दिसल्यावर फवारणी

मादी रात्री पानांच्या मागे, कळ्यांवर आणि फळाच्या देठाजवळ सुटी अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर येते, काही तासांतच फळात किंवा शेंड्यात शिरते आणि शिरलेलं भोक विष्ठेने बुजवून टाकते. वांग्यावर ठळक दिसणारं भोक बहुतेक वेळा तिचं बाहेर पडण्याचं असतं. म्हणजे तोवर ती गेलेली असते, फवारणार कोणावर? अळी आत शिरण्याआधीच गाठायला हवी. निंबोळी पावडर 50 ग्रॅम रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळून एक लिटर करा, थोडा साबण विरघळवा आणि संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. कडुनिंबातला गुण उन्हात लवकर जातो, म्हणून सकाळी फवारू नका. दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा. पावसाने धुऊन गेलं तर लगेच.

किडकं वांगं खताच्या डब्यात

मुंबईत सर्वांत जास्त नुकसान ही चूक करते. बाराव्या मजल्यावर पतंग आला कुठून, असा प्रश्न पडतो. पुष्कळदा तो भाजीच्या पिशवीतूनच आलेला असतो. भरली वांगी करताना एक किडकं निघतं, ते अळीसकट बाल्कनीतल्या खताच्या डब्यात जातं. घरगुती डबा अळी मरण्याइतका तापत नाही. ती फळातून बाहेर येते, सुक्या पानांत राखाडी, चिवट कोष विणते आणि सात ते दहा दिवसांत पतंग होऊन शेजारच्याच कुंडीवर अंडी घालते. या हवेत महिनाभरात एक पिढी पूर्ण होते, आणि आपल्याकडे थंडी अशी नसल्याने चक्र वर्षभर चालू राहतं.

किडकी फळं आणि कापलेले शेंडे उकळत्या पाण्यात बुडवा, मगच खतात टाका. कुंडीत पुरू नका. कुंडीतली गळलेली पानंही दर आठवड्याला उचला, कोष तिथेच असतात.

सापळ्यांवर भिस्त

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आणि तुडतुडे धरतात, हा पतंग नाही. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाची गोळी ठेवलेल्या सापळ्यात, फक्त नर येतात. मादी दुसरीकडे मीलन करून आली तर सापळा तिला अडवत नाही. पतंग आले आहेत एवढं त्यातून कळतं, तेवढ्यासाठीच लावा. लावताना ल्युसिल्युर नावाची गंधगोळी मागा, हेलिल्युर वेगळ्या अळीच्या पतंगासाठी असतं.

दोन-चार कुंड्यांना 40 मेशची (इंचाला 40 छिद्रं असलेली) जाळी उत्तम. मात्र आधी किडके शेंडे काढा आणि मातीवरचा कचरा उचला, नाहीतर कोष जाळीच्या आतच राहतात. आत मधमाशी येणार नाही, म्हणून फुलं उमलल्यावर सकाळी फांदीला हलके झटके द्या.

खूप फळून थकलेलं झाड छाटून खोडवा ठेवायचा, म्हणजे त्याच खोडाच्या नव्या फुटीवर पुन्हा पीक घ्यायचा, मोहही आवरा. अशा झाडाच्या कोवळ्या फुटीवर पतंग पुन्हा अंडी घालतो. झाड उपटा, वरची दोन-तीन इंच माती उन्हात पातळ पसरा आणि त्या कुंडीत पुढची फेरी मेथी किंवा गवारीची घ्या.