डिस्क ब्रेकसाठी मास्टर सिलिंडर निवडताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात जुन्या अँबेसिडर आणि पद्मिनी हौसेने जपणारे पुष्कळ जण आहेत. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरताना ड्रम तापून ब्रेक बसेनासे झाल्याचा अनुभव एकदा आला, की पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागतो. मग कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग) कोणत्या गाडीचे घ्यावेत, ब्रॅकेट कोणाकडून करून घ्यावी यावर महिनाभर खल होतो. पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा मास्टर सिलिंडर मात्र दुकानात जो मिळेल तो उचलला जातो, आणि काम बहुतेक वेळा तिथेच बिघडते.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘डिस्कला जोर जास्त लागतो, तेव्हा सिलिंडरही मोठा हवा’ हा समज. त्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. ड्रम फिरताना पुढचा लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) स्वतःहूनच ड्रमवर ओढला जातो आणि पायाचा जोर वाढवतो. डिस्कमध्ये ही आयती मदत नसल्याने ब्रेक ऑइलचा दाब अधिक लागतो. उत्तरार्ध मात्र उलटा आहे, कारण पायाचा जोर तोच राहिला तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) जितका मोठा, तितका दाब कमी मिळतो. समजा, पायाने 30 किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ सहापट आहे. म्हणजे पिस्टनवर 180 किलो येतात. पाऊण इंची बोअरचे क्षेत्रफळ 2.85 चौ. सें.मी. असल्याने दाब सुमारे 63 किलो प्रति चौ. सें.मी. मिळतो, सात अष्टमांश इंचीत तो 46 वर येतो आणि एक इंचीत अवघा 35 उरतो. मी स्वतः पहिल्या वेळी एक इंची सिलिंडर बसवून मोकळा झालो होतो. पेडल दगडासारखे घट्ट लागत होते, ते पाहून समाधानही वाटले होते. पण गाडी थांबवायला सीटला पाठ टेकवून दोन्ही पायांनी दाबावे लागे. घट्ट पेडल आणि चांगला ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून सर्वांत लहान बोअर घ्यावा, असेही नव्हे. 48 मि.मी. व्यासाचे एकेक पिस्टन असलेले दोन कॅलिपर आहेत आणि पॅड डिस्कला भिडेपर्यंत प्रत्येक पिस्टन अर्धा मि.मी. सरकतो असे धरले, तर सुमारे 1.8 घन सें.मी. ऑइल ढकलावे लागते. पाऊण इंची सिलिंडरचा पिस्टन त्यासाठी 6.3 मि.मी. चालतो, म्हणजे पेडल जवळजवळ 38 मि.मी. खाली जाते, एक इंचीत हेच अंतर साधारण 21 मि.मी. भरते. मागच्या ड्रमसाठी लागणारी चाल यात आणखी मिळवावी लागते. मागचे लायनर सैल सोडले तर ती इतकी वाढते की पेडल फरशीला टेकते, आणि दोष विनाकारण नव्या सिलिंडरवर जातो. म्हणून आधी मागचे ड्रम ॲडजस्ट करून घ्यावेत आणि पेडलची तरफ मोजावी. बोअरचा निर्णय त्यानंतरचा आहे. बूस्टर (इंजिनाच्या निर्वात ओढीने पायाचा जोर वाढवणारा भाग) नसलेल्या गाडीत तरफ साधारण सहापट आणि बूस्टर असलेल्या गाडीत चारपट असते, त्यामुळे बूस्टरच्या गाडीतून काढलेला एक इंची सिलिंडर बूस्टरविना बसवणे ही चूक दुहेरी ठरते. डिझेल अँबेसिडरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये पुरेशी निर्वात ओढ नसते, तेव्हा बूस्टरला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.

दुसरी मोठी तक्रार म्हणजे चाक धरून राहणे. पाचदहा किलोमीटर चालवल्यावर पुढच्या चाकांना चटका बसेल इतकी उष्णता जाणवली, तर गाडी जॅकवर घेऊन कॅलिपरचे निपल (हवा काढण्याचा स्क्रू) किंचित सैल करावे. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले तर दाब आत अडकलेला आहे, आणि तसेच जाम राहिले तर कॅलिपरचे पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. दाब अडकत असेल, तर पुढच्या वेळी चाक धरल्यावर निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरच्या बैठकीचे नट थोडे सैल करून सिलिंडर पुढे सरकवावा. तेवढ्याने चाक सुटले तर पुशरॉड (पेडलपासून पिस्टन ढकलणारा दांडा) लांब पडतो आहे. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र बंद राहते. तिथे सुमारे एक मि.मी. मोकळीक ठेवावी. तरीही सुटले नाही, तर ड्रमसाठीचा शेष दाबाचा व्हॉल्व्ह आतच राहिलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो पाइपात सुमारे 0.7 किलोचा दाब धरून ठेवतो. ड्रमच्या स्प्रिंगांपुढे त्याचे काही चालत नाही, पण डिस्कचे पॅड तेवढ्यानेही घासत राहतात. मात्र मास्टर सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर ऑइल मागे उतरू नये म्हणून सुमारे 0.14 किलोचा हलका व्हॉल्व्ह मुद्दाम बसवावा लागतो.

चारही चाकांना एकच सर्किट असलेला जुना एकेरी सिलिंडर ठेवून डिस्क बसवण्याची काटकसर करू नये. एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात, आणि घाटात तेव्हा हातब्रेकशिवाय दुसरा आधार राहत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळी सर्किट देणारा दुहेरी सिलिंडर घेताना पुढच्या सर्किटची टाकी पुरेशी मोठी आहे ना, ते पाहावे, कारण पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमध्ये अधिक ऑइल भरून राहते. पाइप जोडताना आटे तपासणेही आवश्यक आहे. तीन अष्टमांश इंची, 24 आट्यांचे नट आणि 10 मि.मी.चे मेट्रिक नट हाताला इतके सारखे लागतात की दोन-तीन आटे सहज बसतात, आणि पान्याने आवळल्यावर सिलिंडरचेच आटे खराब होतात.

दाब प्रत्यक्ष मोजून पाहायचा असेल तर कॅलिपरच्या निपलच्या जागी गेज लावावा. उद्यमबागेतील हायड्रॉलिकचे काम करणाऱ्यांकडे असे गेज मिळणे अवघड नाही, पण हायड्रॉलिक ऑइल लागलेला गेज तसाच जोडू नये. ते खनिज तेल ब्रेक ऑइलमध्ये थोडे जरी मिसळले तरी सिलिंडरमधील रबर कप फुगतात आणि नवा कोरा मास्टर सिलिंडर काही दिवसांत निकामी होतो.