येणाऱ्या लेगो सेटचे अंदाज बांधताय? या चुका टाळा

एखाद्या रात्री मित्राचा मेसेज येतो. पाच आकडी नंबर, तुकड्यांची संख्या आणि महिना, बस. सेट कशाचा आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं. सकाळपर्यंत त्या एका ओळीचा किल्ला झालेला असतो, किल्ल्याला उचलता पूल लागलेला असतो, आत घोडे दोन की चार यावर वाद रंगलेला असतो, आणि कोणीतरी कपाटातला एक खण रिकामाही करून ठेवलेला असतो.

मला हे सगळं फार आवडतं. मोठेपणी लेगो जमवणाऱ्यांना, म्हणजे आम्हा अफोल मंडळींना, सेट हातात पडायच्या आधीचे हे महिने सेटइतकेच प्रिय असतात. पण या छंदातला सगळ्यात मोठा हिरमोडही याच महिन्यांत शिजतो. सेट वाईट निघाला म्हणून तो क्वचितच होतो. ऐकलेलं, ताडलेलं आणि नुसतं हवंसं वाटलेलं यांची आपण सरमिसळ केलेली असते, म्हणून बहुतेकदा होतो. खालच्या चुकांपैकी बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

नंबरातून नको तेवढं वाचणं

सेटचा नंबर हा पहिला धागा, आणि तो खरोखर उपयोगी पडतो. टेक्निकचे, म्हणजे यंत्रं-वाहनांच्या मालिकेतले, सेट वर्षानुवर्षं ४२ ने सुरू होत आलेत, मोठ्यांसाठीच्या आयकॉन्स मालिकेतले बरेच १० ने. घोटाळा पुढे होतो. २१ ने सुरू होणारा नंबर दिसला की लोक लगेच 'आयडियाज', म्हणजे चाहत्यांच्या मॉडेलांवरून निघणारी मालिका, म्हणून मोकळे होतात. २१३ ने सुरू होणारे सेट २०१५ पासून आयडियाजचे आहेत हे खरं, पण २१० वर आर्किटेक्चर बसलंय आणि २११-२१२ च्या पट्ट्यात माइनक्राफ्ट. ७५ म्हटलं की स्टार वॉर्स आठवतं, तरी त्याच पट्ट्यात इतर परवान्यांचे सेटही येऊन गेलेत. ७६ मध्ये तर सुपरहिरो आणि शर्यतीच्या गाड्या शेजारी शेजारी नांदतात. म्हणून पहिल्या दोन आकड्यांवर थांबू नका. तिसरा आकडा बघा, आणि त्याच वर्षीचे आजूबाजूचे नंबर कोणत्या मालिकेच्या वाट्याला गेलेत तेही बघा.

शेवटच्या आकड्यांचं प्रकरण जास्त अवघड आहे. १९३२ साली सुरू झालेल्या कंपनीला २०२२ मध्ये नव्वद वर्षं झाली, तेव्हा १९७९ चं गॅलक्सी एक्स्प्लोरर यान नव्याने आलं. जुन्या सेटचा एक नंबर ४९७, नव्याचा १०४९७. ज्यांनी लहानपणी ते निळं-करडं यान जमिनीवरून उडवलं होतं त्यांना ही खूण पाहताक्षणी कळली. यानही जुन्याच्या दीडपट मापाचं होतं, म्हणजे आपण मोठे झालो तरी ते हातात तेवढंच भरावं इतकं. मी ते जोडताना शेवटचे पिवळे पारदर्शक तुकडे बसवायचे मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवले होते.

पण त्यानंतर आम्हाला प्रत्येक नंबरात खुणा दिसायला लागल्या. आता विचार करा, तीन आकडी नंबरांचे जुने सेट शेकड्यांनी आहेत. कुठल्याही नव्या नंबराचं शेपूट कशाशी ना कशाशी जुळणारच. जुळणी सापडली तर ती टिपून ठेवा, पण तिच्या जोडीला दुसरा, वेगळ्या ठिकाणाहून आलेला पुरावा मिळेपर्यंत तिला 'शक्यता' एवढंच म्हणा. तीन जणांनी एकाच मूळ मेसेजवरून सांगितलेली गोष्ट हा एकच पुरावा असतो, तीन नव्हे.

तुकड्यांच्या संख्येवरून आकार ठरवणं

'नऊ हजार तुकडे' ऐकलं की डोळ्यांसमोर अवाढव्य काहीतरी उभं राहतं. २०२१ च्या जगाच्या नकाशात ११,६९५ तुकडे आहेत, आणि तो भिंतीवर टांगायचा सपाट सेट आहे. त्यातले बहुतेक तुकडे बोटाच्या पेरावर मावतील असे गोल ठिपके. २०२२ च्या आयफेल टॉवरमध्ये त्याहून कमी, १०,००१ तुकडे, पण उंची १४९ सेंटीमीटर. टायटॅनिक ९,०९० तुकड्यांत १३५ सेंटीमीटर लांब आहे. संख्या आणि आकार यांचं नातं इतकं सैल आहे.

मोठी संख्या ऐकली तर आधी विचारा: विषय जाळीदार असेल की भरीव? बारीक नक्षी लागेल की मोठे पृष्ठभाग? आतलं सामानसुमान असेल का? भरपूर छोट्या वस्तू असलेलं घर तुकडे खातं, पण जागा तितकी घेत नाही. जागेचं नियोजन तरी माप जाहीर झाल्यावरच करावं. एका वर्षी केवळ आकडा ऐकून मी रेल्वे स्टेशन येणार असं धरलं आणि रूळ मांडून टेबल दोन महिने अडवून ठेवलं. स्टेशन आलंच नाही.

फोटो दिसला की विश्वास ठेवणं

इथे जरा सावकाश जाऊ, कारण हल्ली सगळ्यात जास्त फसगत चित्रांनी होते. काही चित्रं चाहत्यांनी संगणकावर प्रेमाने रचलेल्या स्वतःच्या मॉडेलची असतात. कोणीतरी ती मूळ माणसाचं नाव कापून पुढे पाठवतं आणि ती 'लीक' होऊन बसतात. काही चित्रं सरळ एआयने काढलेली असतात. दोन्ही ओळखायला ठोकळ्याची मापं पाठ असली की पुरे.

गुंडी म्हणजे ठोकळ्याच्या डोक्यावरचा गोल उंचवटा. एका गुंडीच्या मध्यापासून शेजारच्या गुंडीच्या मध्यापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर. ब्रिकची, म्हणजे नेहमीच्या ठोकळ्याची, उंची ९.६ मिलिमीटर, प्लेटची, म्हणजे चपट्या तुकड्याची, ३.२. म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की बरोबर एक ब्रिक. हे दशकानुदशकं बदललेलं नाही. आजच्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा आहे, आणि तेव्हाचा ब्रिक आजच्या ब्रिकवर बसतो.

आता संशयास्पद चित्र मोठं करून बघा. भिंतीच्या कडेला तीन प्लेटचा थर शेजारच्या ब्रिकच्या रेषेला येऊन मिळतो का? एआयच्या चित्रात तो अर्ध्यावर लटकलेला असतो, दोन ठोकळे एकमेकांत वितळलेले असतात, एकाच ओळीत गुंड्या लहान-मोठ्या होत जातात. मग खोक्याचा कोपरा बघा. वय, नंबर आणि तुकड्यांची संख्या तिथे नीट वाचता येते का, आणि ती ऐकलेल्या माहितीशी जुळते का? चाहत्याच्या मॉडेलमध्ये मात्र मापं अचूक असतात. तिथे रंग तपासा. एखादा तुकडा त्या रंगात आजवर कधीच निघाला नसेल तर तो नवा असू शकतो. असे आठ-दहा तुकडे एकाच चित्रात दिसले, तर ते बहुधा संगणकात एका क्लिकवर रंगवलेलं मॉडेल आहे.

हीच मापं खऱ्या फोटोतही कामाला येतात. तळाच्या कडेवरच्या गुंड्या मोजा, आठने गुणा, रुंदी मिलिमीटरमध्ये हातात. ३२ गुंड्यांचा तळ म्हणजे जवळपास २५.६ सेंटीमीटर. कपाटाच्या खणाची खोली मोजायची वेळ खरं तर आता येते.

दहा हजार मतं म्हणजे सेट पक्का

आयडियाजवर चाहत्याच्या मॉडेलला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की ते फक्त परीक्षणाला जातं. परीक्षणाच्या फेऱ्या वर्षातून तीन असतात. २०२१ च्या पहिल्याच फेरीत तब्बल ५७ मॉडेल्स येऊन थडकली होती, आणि त्यांपैकी मोजकीच सेट झाली. नकाराची कारणं मॉडेलच्या दर्जाशी निगडित असतीलच असं नाही. परवाना मिळत नसेल, तसाच एखादा सेट कंपनीत आधीच तयार होत असेल, किंमत बसत नसेल. कंपनी प्रत्येक नकाराचं कारण सांगत नाही, म्हणून 'आमच्या आवडीची कदर नाही' असा निष्कर्ष काढू नका.

निवड झाली तरी खोक्यात चाहत्याचं मॉडेल जसंच्या तसं येत नाही. कंपनीचे डिझायनर ते नव्याने बांधतात, कारण ते हजारो घरांत, सूचनापुस्तिका बघत, न कोसळता उभं राहायला हवं. मूळ चित्रावर जीव जडवून बसलेल्यांना पहिला धक्का इथे बसतो.

उलटी चूकही होते. नाकारलं म्हणजे संपलं, असंही नसतं. २०१९ मध्ये ब्रिकलिंक ही लेगोचे सुटे तुकडे आणि सेट विकत मिळणारी वेबसाइट लेगोच्या मालकीची झाली, आणि २०२१ मध्ये तिथल्या डिझायनर प्रोग्रॅममध्ये आयडियाजवर दहा हजार गाठून मागे राहिलेल्या कितीतरी मॉडेलांना दुसरी संधी मिळाली. २०२० मध्ये स्टार वॉर्सच्या मोठ्या सेटसाठी चाहत्यांचं मतदान झालं, त्यात रिपब्लिक गनशिप हे यान जिंकलं आणि पुढच्या वर्षी आलं. हरलेलं टाय बॉम्बर यान २०२३ मध्ये लहान आकारात नेहमीच्या सेटांमधून आलंच. तेव्हा आवडत्या विषयावर लगेच काट मारू नका.

वेळापत्रक काळ्या दगडावरची रेघ समजणं

मॉड्युलर इमारतींची, म्हणजे शेजारी शेजारी जोडून रस्ता करता येणाऱ्या इमारतींची, मालिका २००७ च्या कॅफे कॉर्नरपासून चालू आहे. दहा वर्षं झाली तेव्हा, २०१७ मध्ये, ४,००२ तुकड्यांचा असेंब्ली स्क्वेअर आला. पुढे २०२१, २०२२, २०२३ अशी ओळीने जानेवारीत नवी इमारत मिळाली आणि सगळ्यांनी जानेवारी गृहीत धरला. मग नॅचरल हिस्टरी म्युझियम डिसेंबर २०२३ मध्येच येऊन उभं राहिलं. पैसे जानेवारीसाठी बाजूला ठेवणाऱ्यांची गडबड उडाली. वर्धापनदिनांचंही असंच. ते धरून अंदाज जरूर बांधा, पण नेमक्या तारखेवर काही अवलंबून ठेवू नका.

जाहीर झालं म्हणजे मिळालंच

२०२० चा टेक्निक ४२११३ आठवतो? ऑस्प्रे विमान. खोकी छापून झाली होती, काही दुकानांत पोचलीही होती. ऑगस्टच्या सुरुवातीला विक्री सुरू व्हायची, आणि जुलै अखेरीस कंपनीने सेट मागे घेतला. खरी लष्करी वाहनं करायची नाहीत हे कंपनीचं जुनं धोरण, आणि हे विमान त्यात बसत नाही म्हणून जर्मनीत विरोध झाला होता. काही खोकी तरीही विकली गेली. असं क्वचित होतं. म्हणून रोज धास्ती घेण्यात अर्थ नाही, पण हातात येण्याआधी त्या सेटभोवती आणखी खरेदी करत सुटू नये.

'पुन्हा येणारच नाही' म्हणून साठवणं

येणाऱ्या सेटच्या अंदाजाशी पैसा जोडला की निर्णय बिघडतात. २००८ चा ताजमहाल, नंबर १०१८९, तुकडे ५,९२२, बंद झाल्यावर दुर्मिळ झाला आणि लोकांनी न उघडलेली खोकी जपून ठेवली. २०१७ मध्ये तोच सेट १०२५६ या नंबराने परत आला, एक तुकडा जास्त घेऊन. त्याच वर्षी स्टार वॉर्सचं मिलेनियम फाल्कन यानही परतलं. २००७ च्या सेटमध्ये ५,१९५ तुकडे होते, नव्यात ७,५४१, म्हणजे ते अख्खं नव्याने बांधलेलं होतं. जुन्या खोक्यांच्या चढलेल्या किमती खाली आल्या.

यावरून 'थांबलं तर सगळंच परत येतं' असंही धरून चालणार नाही. माझा नियम साधा आहे: सेट बांधावासा वाटतो आणि आत्ता परवडतो, तर घ्यावा. परत येईल की नाही या अंदाजावर मी आता घेत नाही आणि थांबतही नाही.

चूक झालीच असेल तर

मनातला सेट आणि जाहीर झालेला सेट यांत अंतर पडलं आणि मन खट्टू झालं, तर निदान आठवडाभर मत देऊ नका. पहिल्या दिवशी आपण खोक्यातला सेट बघतच नसतो, आपल्या डोक्यातला न आलेला सेट बघत असतो. आठवड्याने पुन्हा सेटचे फोटो उघडून बघा, पण यावेळी मागची बाजू आणि आतली रचना. डिझायनरची खरी मेहनत बहुतेकदा तिथेच असते.

अंदाज सारखे चुकत असतील तर एक वही करा. मी तीन रकाने ठेवते: कंपनीने सांगितलेलं, कोणाकडून तरी ऐकलेलं, माझं स्वतःचं. प्रत्येकासमोर तारीख. सेट जाहीर झाला की खरं-खोटं लिहायचं. वर्षभरात कळतं की कोणाची माहिती टिकते, आणि आपण कोणत्या विषयावर हटकून वाहवत जातो. माझ्या बाबतीत ते आगगाड्या निघाले. आता आगगाडीची बातमी आली की मी ती तिसऱ्या रकान्यात टाकते आणि दुसऱ्या कोणाला तपासायला सांगते.

आणि खोटं निघालेलं चित्र तुम्ही पुढे पाठवलं असेल, तर ज्यांना पाठवलं त्या प्रत्येकाला 'हे खरं नव्हतं' असं आजच कळवा. चित्र कोणा चाहत्याच्या मॉडेलचं असेल तर त्याचं नाव शोधून तेही सोबत द्या. त्या माणसाने कित्येक रात्री बसून ते रचलेलं असतं.