जुनी शाळा सुटली, नवी सुरू व्हायचीय: घरी शिकवताना या चुका टाळा

धुळ्याहून जळगावला बदली झाली, किंवा चोपड्याचं घर सोडून भुसावळला आलात, आणि पहिली-दुसरीतलं लेकरू महिना-दीड महिना घरीच आहे. मागे पडेल या धास्तीने घरचे घाई करतात आणि तिथूनच बिघडतं.

अकरा ते पाच शाळा घरात भरवू नका. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास, तेही भरलेल्या वर्गात. घरी समोर एकच मूल असतं, त्याला दीड तास पुरतो. वीस मिनिटं वाचन, पंचवीस मिनिटं गणित, पंधरा मिनिटं लेखन, उरलेल्या वेळात उठून खेळणं. उन्हाळा असेल तर सकाळी साडेसातलाच बसवा. खान्देशातल्या मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली मोठ्यांचंही डोकं चालत नाही.

पुढचे धडे उरकू नका. नव्या शाळेत ते पुन्हा होणारच, आणि तेव्हा मूल कंटाळून बसेल. झालेलं पक्कं करा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण नवी शाळा कोणती पुस्तकं वापरते ते आधी विचारा.

गणितात अंक उलटे पडले की रागावू नका. 'पंचवीस' ऐकून मूल 52 लिहितं, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. एकोणतीसला तर 'तीस' कानावर पडतो, म्हणून 39 लिहितं. पाठांतराने हे सुटत नाही. खराट्याच्या बोटभर काड्या करा, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. तीन जुड्या ठेवा, एक सोडा, एक काडी उचला. राहिल्या दोन जुड्या आणि नऊ काड्या. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे हाताला कळतं. 19 पासून 89 पर्यंत अशा आठ संख्या आहेत, रोज दोनच घ्या. 99 मात्र 'नव्याण्णव', ती वेगळी सांगा. मूल 'वीस पाच' म्हणालं तरी चूक धरू नका. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही पद्धत आली होती. दोन्ही नावं येऊ द्या.

बोलीला चूक म्हणू नका. घरात अहिराणी किंवा लेवा बोली असेल तर मूल 'शाळा', 'डोळा', 'काळा' ऐवजी 'शाया', 'डोया', 'काया' लिहितं, कारण घरात त्याच्या कानावर 'ळ' फारसा पडतच नाही. 'गावठी बोलू नको' म्हटलं की ते बोलायचंच थांबतं, आणि नव्या वर्गात पहिल्याच दिवशी बोलायची गरज असते. आजीशी बोलीतच बोलू द्या. वहीत दोन रकाने आखा, 'घरी म्हणतो' आणि 'पुस्तकात लिहितो', रोज पाच शब्द. त्यात 'गाय', 'पाया' असे खरे 'य'चे शब्दही मिसळा. नाहीतर आठवड्याभरात मूल 'पाया'चा 'पाळा' करतं.

घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक अक्षर परातीतल्या पिठात बोटाने गिरवून पक्कं झालं की दोन-तीन दिवसांनी दुसरं. लिहिताना मूल रडत असेल तर आधी पाय बघा. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवा. पेन्सिल बुटकी झाली असेल तर बदला. अर्धं पान पुरे.

कागद शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपत्रक, जन्मदाखला, आधार एकाच पाकिटात ठेवा. जुन्या शाळेला यू-डायस प्लसवरून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतून, मुलाचं नाव सोडलं का ते विचारा आणि त्याचा पेन (PEN), म्हणजे त्या नोंदीतला कायमचा क्रमांक, लिहून घ्या. नाव तिथेच अडकलं तर नव्या शाळेला ते आपल्याकडे घेता येत नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. तेव्हा मुलाला वर्गात बसवा, दाखला नंतर द्या.