हवेच्या तोफेत गोल्फचा चेंडू भरण्याआधी

पहिलं काम कागदावरचं, आणि ते आठवडाभर आधी करायचं. आपण नेमकं काय मोजणार आहोत ते मोठ्या अक्षरात लिहून रिगच्या, म्हणजे तोफेच्या सगळ्या मांडणीच्या, शेजारी भिंतीवर चिकटवा. आपल्याला ड्रायव्हरच्या, म्हणजे चेंडू लांब मारायच्या गोल्फच्या काठीच्या, डोक्याची उसळी मोजायची आहे. चेंडू फेसवर, म्हणजे डोक्याच्या मारायच्या सपाट बाजूवर, आदळल्यावर दोघांचा एकमेकांपासून दूर जाण्याचा वेग, टकरीआधीच्या वेगाच्या किती पट राहतो, तो आकडा म्हणजे सीओआर. टायटॅनियमचे पातळ फेस स्प्रिंगसारखे दबून चेंडू लांब फेकू लागले, तेव्हा १९९८ मध्ये यूएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने त्यावर मर्यादा घातली. त्यांच्या चाचणीत शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, काढलेलं डोकं सुटं ठेवायचं, हवेच्या तोफेतून १६० फूट प्रति सेकंद, म्हणजे ४८.७७ मीटर प्रति सेकंद वेगाने चेंडू त्यावर मारायचा आणि परतीचा वेग मोजायचा. मर्यादा ०.८२२ आणि वर ०.००८ ची सूट, म्हणून ०.८३० हा आकडा गोल्फच्या जगात सगळ्यांच्या तोंडी बसला. कॅलवेचा ईआरसी टू हा ड्रायव्हर याच रेषेच्या पलीकडे गेला आणि अमेरिकेत बेकायदा ठरला. २००४ पासून अधिकृत तपासणीसाठी लंबकाची चाचणी आली, कारण ती कुठेही नेता येते आणि त्यासाठी डोकं शाफ्टपासून तोडावं लागत नाही. तरी खरा चेंडू, खरी टक्कर आणि खरा वेग पाहायचा तर तोफच हवी.

भिंतीवरच्या त्या कागदावर ०.००८ हा आकडा लाल शाईने लिहा. कायदेशीर आणि बेकायदा ड्रायव्हरमधलं अंतर एवढंच आहे. २०० ग्रॅमचं डोकं आणि ४५.४ ग्रॅमचा चेंडू धरला, तर एवढ्या फरकाने परतीचा वेग बदलतो सेकंदाला फक्त ३२ सेंटिमीटरने. चेंडू परत येतोय साधारण २४ मीटर प्रति सेकंदाने, आणि त्यात आपल्याला हे ३२ सेंटिमीटर ओळखायचे आहेत. पुढची सगळी तयारी यासाठीच आहे. पोरं येतात ती कॉम्प्रेसर केवढा घ्यायचा हे विचारत. मी त्यांना आधी वजनकाटा कुठला आहे ते विचारतो.

तर काटा. सोनाराकडे असतो तसा शतांश ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. तो वाऱ्यापासून आडोशाला, हलत नाही अशा टेबलावर ठेवा आणि प्रमाणित वजन ठेवून तपासा. चेंडूच्या वजनात अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तर सीओआर ०.००३७ ने सरकतो, म्हणजे जवळपास निम्मी सूट तिथेच संपली. डोक्याच्या वजनात एका ग्रॅमची चूक ०.००१७ ने फसवते. म्हणून पाकिटावर छापलेलं वजन कधीही वापरू नका. डोकं शाफ्ट काढून, होझेलमधला, म्हणजे शाफ्ट बसतो त्या खोबणीतला, जुना गोंद खरवडून, पुसून तोला. चेंडू सगळे एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच खोक्यातले घ्या. नियमाने चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान असता कामा नये. प्रत्येकावर पक्क्या मार्करने नंबर टाका, वजन वहीत लिहा, आणि ज्याच्यावर ओरखडा किंवा चीर दिसेल तो बाजूला काढा. चेंडूची स्वतःची उसळी किती हे कळण्यासाठी तोच चेंडू आधी एका जाड, पक्क्या बसवलेल्या पोलादी ठोकळ्यावर मारून पाहायचा. चेंडू बनवणारे कारखानेही त्यांच्या चेंडूंची उसळी तोफेतून पोलादी पाटावर मारूनच मोजतात. ठोकळ्यावर आज आलेला आकडा उद्या बदलला, तर डोक्याला दोष देण्याआधी चेंडू आणि सेन्सर तपासा.

तापमानाकडे आपल्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. चेंडूचा गाभा रबराचा. थंड चेंडू कमी उसळतो, तापलेला जास्त. गोल्फच्या अधिकृत चाचण्यांत चेंडू २३.९ अंश सेल्सिअसला मुरवून घेतात. पुण्या-नाशिकच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी काय हवा असते ते वेगळं सांगायला नको. चेंडू आदल्या रात्रीपासून थर्मोस्टॅट लावलेल्या पेटीत ठेवा, कारण बाहेरून गार लागला तरी गाभा गार व्हायला कित्येक तास लागतात. पेटीतून एका वेळी एकच चेंडू काढायचा, मारायचा, परत ठेवायचा. तोच चेंडू लागोपाठ मारत राहिलात तर टकरीनेच तो आतून तापतो.

आता हवा. गॅरेजमधला कॉम्प्रेसर आठ बारचा असतो (बार हे दाबाचं एकक) आणि तेवढ्या दाबाची गरज असणार असं सगळे धरून चालतात. जरा हिशोब करा. ४८.७७ च्या वेगाला चेंडूची गतिज ऊर्जा होते सुमारे ५४ ज्यूल. नळी १.२ मीटरची असेल तर चेंडूमागे सरासरी ४५ न्यूटनचा जोर पुरे, आणि चेंडूच्या आडव्या छेदावर तो यायला दाब लागतो अवघा ०.३ बार. चेंडूच्या कडेने होणारी गळती, व्हॉल्व्हमधली अडचण, टाकीतला उतरणारा दाब धरला तरी काम एका बारच्या आतबाहेर होतं. तीच नळी सहा बारवर उघडली तर कागदावरच्या हिशोबाने चेंडू सेकंदाला दोनशे मीटरच्या वर जातो, आणि तो अडवायची तयारी आपल्याकडे नाही. म्हणून तोफेची स्वतःची छोटी टाकी वेगळी ठेवा, कॉम्प्रेसर आणि तिच्यामध्ये बारीक रेग्युलेटर आणि हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह घाला, आणि गेज शून्य ते दोन बारचं लावा. दहा बारच्या गेजवर ०.६ आणि ०.७ मधला फरक डोळ्याला नीट दिसतच नाही. दाब दोन टक्क्यांनी हलला की वेग साधारण एक टक्क्याने हलतो. छोट्या टाकीवर कमी दाबाला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि महिन्यातून एकदा तो खरोखर उघडतोय का ते पाहायचं.

नळीबद्दल माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही. पीव्हीसीचा पाइप वापरायचा नाही. हार्डवेअरच्या दुकानात तो स्वस्त मिळतो, चेंडू आत घातला की छान बसल्यासारखा वाटतो, आणि इंटरनेटवर त्याचे व्हिडिओही भरपूर आहेत. पण तो पाण्यासाठी आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याचा पाइप फुटला तर गळतो. दाबलेली हवा फुटताना पसरते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे उडवते. टाकी आणि नळी दोन्ही धातूची, टाकी पाण्याने दीडपट दाबाला तपासलेली आणि तसा कागद फाइलला लावलेला. नळीचा व्यास असा हवा की चेंडू स्वतःच्या वजनाने घरंगळत खाली जाईल, पण आत डुगडुगणार नाही. तोंडापासून मागे काही सेंटिमीटरपर्यंत भोकं पाडून घ्या, म्हणजे चेंडू बाहेर पडायच्या आधीच मागची हवा बाजूने निसटते. ही भोकं नसतील तर हवेचा झोत चेंडूच्या पाठोपाठ जाऊन सुट्या डोक्याला ढकलतो, सेन्सरची स्टँड हलवतो आणि आकडे उगाच नाचायला लागतात.

पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचतं. सकाळी पहिलं काम खालचा कॉक उघडून ते काढणं. फिल्टरमधलं तेल आणि पाणी बघा. नळीत तेल गेलं तर चेंडू प्रत्येक वेळी वेगळा सरकतो आणि सेन्सरच्या भिंगावर तवंग येतो. मग सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तिथे टेफ्लॉन टेप बदला. पाना लावायचा तो दाब शून्यावर आणल्यावरच.

वेग मोजण्यासाठी नळीचं तोंड आणि डोकं यांच्यामध्ये दोन लाईट स्क्रीन, म्हणजे उजेडाच्या किरणांचे पडदे. चेंडू जाताना पहिली मग दुसरी छेदतो, परतताना दुसरी मग पहिली. अंतर अर्धा मीटर ठेवलं तर जाताना सुमारे १०.२५ मिलिसेकंद, येताना २०.९ च्या आसपास लागतात. यात एक सोय आहे: आपल्याला लागणाऱ्या गुणोत्तरात हे अंतर दोन्हीकडे तेच असल्याने निघून जातं, उरतं फक्त वेळेचं गुणोत्तर. घड्याळही महागडं लागत नाही. आर्डुइनो उनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं चार मायक्रोसेकंदांचं मोजमाप इथे भरपूर झालं, कारण ०.००८ म्हणजे परतीच्या वेळेत पाव मिलिसेकंदाहून थोडा जास्त फरक. काळजी दुसरीकडे घ्यायची. परतणारा चेंडू हळू असतो, त्यामुळे तो खाली येतो. जाताना ज्या उंचीवर किरण छेदला, येताना त्याच्या खाली छेदतो. दोन पडदे एकमेकांना समांतर नसतील तर दोन्ही वेळचं अंतर वेगळं पडतं, आणि मग ती सोय राहत नाही. ओळंबा लावून दोन्ही पडदे उभे आणि समांतर करा. शिवाय हवेच्या अडथळ्यामुळे अर्ध्या मीटरमागे चेंडू सेकंदाला सुमारे दहा सेंटिमीटर वेग गमावतो, म्हणून पडदे डोक्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्या. स्टँड नळीच्या चौकटीला जोडू नका, स्वतंत्र जमिनीवर उभे करा. खिडकीतलं ऊन अडवा, ट्यूबलाइट बंद करा; पन्नास हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि स्वस्त सेन्सरला ते चेंडूसारखं दिसतं. सगळं लावून झालं की हाताने काठी फिरवून चारही खुणा बरोबर क्रमाने नोंदल्या जातात का ते पाहा.

डोकं टेकूवर नुसतं ठेवायचं, आवळायचं नाही. फेस नळीला अगदी काटकोनात हवा. ड्रायव्हरला दहा अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, असतो, तो टेकूच्या उताराने भरून काढा, नाहीतर चेंडू परत न येता छताकडे जाईल. फेसवर खडूची पूड पातळ फासा, म्हणजे चेंडू नेमका कुठे लागला ते दिसेल. मधोमध लागला नाही की डोकं गिरकी घेतं आणि आकडा खाली येतो. तसा शॉट सरासरीत धरायचा नाही, पण वहीत लिहायचा.

या डोक्याकडे लोकांचं लक्ष नसतं. सगळे चेंडू बघत असतात. चेंडू परत फिरतो तेव्हा हे सुटं डोकं मागे उडतं सेकंदाला साडेसोळा मीटरने, म्हणजे ताशी जवळपास साठ किलोमीटर, आणि ते दोनशे ग्रॅम टायटॅनियम आहे. त्याच्यामागे फोम भरलेली खोल पेटी हवी. पेटीच्याही मागे जाड ताडपत्रीचे दोन पडदे सुटे लोंबते सोडा. नेम चुकला तर भिंत चेंडू तुमच्याकडेच परत पाठवते, लोंबता पडदा त्याला जिरवतो. नळीच्या बाजूलाही आडोसा लागतो, कारण परतीचा चेंडू तोंडावर आपटून कुठेही जाऊ शकतो. समोर बघायची खिडकी पॉलिकार्बोनेटची, ॲक्रिलिकची नको, ते तडकून उडतं.

संस्थेची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वीस ज्यूलच्या वरच्या एअरगनला परवाना लागतो. ही रिग म्हणजे हातात धरायची बंदूक नव्हे, पण तिचा चेंडू ५४ ज्यूल घेऊन निघतो. ती प्रयोगशाळेच्या जमिनीला बोल्टने पक्की असावी, कुलपात असावी, आणि हौस म्हणून कुणाच्या गच्चीवर किंवा मैदानात जाऊ नये.

शॉटच्या दिवशी माणसं दोनच. एकाकडे व्हॉल्व्हच्या स्विचची किल्ली, दुसऱ्याकडे वही. दोघांच्याही डोळ्यांवर गॉगल, कानावर मफ. किल्लीवाल्याने मोठ्याने विचारायचं, ‘मोकळं आहे का?’ वहीवाल्याने स्वतः नजर फिरवून ‘मोकळं’ म्हटल्याशिवाय दाब भरायचा नाही. चेंडू नेहमी मागच्या बाजूने भरायचा, आणि किल्ली तेव्हा भरणाऱ्याच्या खिशात. चेंडू अडकला तर आधी टाकी शून्यावर, गेजकडे बघून खात्री, मग बाजूला उभं राहून लाकडी दांड्याने तोंडाकडून मागे ढकलायचा. नळीत डोकावायचं नाही, रिकामी दिसली तरी नाही.

पहिले काही शॉट पोलादी ठोकळ्यावर, कमी वेगाने सुरू करून ४८.७७ पर्यंत न्या आणि गेजवरचा तो दाब लिहून ठेवा. वेग ठरला की मग डोकं ठेवा. प्रत्येक शॉटला चेंडूचा नंबर, पेटीचं तापमान, दाब, चारही वेळा आणि खडूवरची खूण. मग जातानाच्या वेगाने परतीच्या वेगाला भागा, डोकं आणि चेंडू यांच्या वजनाच्या बेरजेने गुणा, त्यात चेंडूचं वजन मिळवा आणि डोक्याच्या वजनाने भागा. हा हिशोब तिथल्या तिथे कॅल्क्युलेटरवर करा. घरी जाऊन केलात आणि आकडा ०.९० निघाला, तर कुठलं स्टँड सरकलं होतं ते शोधायला काही उरलेलं नसतं. शेवटी परत एकदा ठोकळ्यावर शॉट. सकाळच्या आकड्याशी जुळला तरच दिवसभराची पानं ठेवायची.

मग कॉम्प्रेसर बंद, मधला व्हॉल्व्ह बंद, छोटी टाकी रिकामी करून तिचा कॉक रात्रभर उघडाच ठेवायचा, चेंडू मोजून पेटीत, आणि किल्ली वहीवाल्याकडे.